वरचा मुक्काम

डोंगरावरचा निवारा चालवणाऱ्या झोफियाची चिठ्ठी आली तेव्हा आई पिंपात घालायचा कोबी किसत होती. तिने हात पुसले नाहीत. "वाच," म्हणाली, "आणि मधे तुझं काही घालू नकोस."

चार ओळी होत्या. 'ओतीलियाताई, इमरिखदादांची चौकट अजून तिसऱ्या खिळ्यावरच आहे. आम्ही कुणी तिला हात लावलेला नाही. पण नवीन माणूस आलंय, खिळा लागेल. आपल्यात घरच्यांनीच येऊन उतरवायची असते, तुम्हाला ठाऊकच आहे. बर्फ पडायच्या आत या. चहा आहेच.'

हातातला गड्डा पुरता किसून होईपर्यंत आईने तोंड उघडलं नाही. मग कोबीवर मीठ भुरभुरलं आणि म्हणाली, "मी जाणार. आणि एक रात्र तिथंच झोपणार."

माझे बाबा, इमरिख, एकतीस वर्षं तात्राच्या डोंगरांत ओझेकरी होते. वरच्या निवाऱ्याला रस्ता नाही. पीठ, बटाटे, गॅसच्या टाक्या, पांघरुणं, सगळं माणसाच्या पाठीवरून जातं. पाठीला लाकडी चौकट बांधायची, डोक्यापेक्षा हातभर उंच, आणि तिच्यावर खोकी रचत जायची. बाबा ऐंशी किलो नेत. एकदा एकशे आठ नेले होते, हे आम्हाला त्यांच्या अंत्यविधीत कळलं. शेवटची दोन वर्षं नुसता पाव आणि टपाल नेत होते, पण नेत होते. मार्चमध्ये घरीच गेले, फुप्फुसं भरून येऊन. डोंगराने त्यांना कधी काही केलं नाही.

या एकतीस वर्षांत आई एकदाही वर गेली नव्हती. खाली आमच्या स्वित गावात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सुळके दिसतात. आई ती खिडकी पुसायची, पण पडदा कायम अर्धा ओढलेला. मी लहान असताना तिने बाबांना एकदा बजावलं होतं, पुरे झालं, कारखान्यात लागा. बाबा लागले. एक हिवाळाभर पाळ्यांमध्ये काम केलं, तक्रार नाही, काही नाही. फक्त जेवण कमी कमी होत गेलं. वसंतात आईनेच त्यांचे बूट काढले, तेल लावलं आणि दारात ठेवले. त्यावर दोघांत एक शब्द झाला नाही. पण तेव्हापासून वरचं ते घर आईच्या लेखी सवतीसारखं होतं. नाव घ्यायची नाही, आणि त्याच्यासाठी दर खेपेला डबा मात्र भरून द्यायची.

आणि झोप. बाबा घरी झोपायचे नाहीत. आडवे व्हायचे, पण थोड्या वेळाने स्वयंपाकघरातलं स्टूल सरकल्याचा आवाज यायचा. आईने सगळं करून पाहिलं. लिंडनच्या फुलांचा काढा, गरम दूध, हॉप्सची सुकी फुलं भरून शिवलेली उशी. डोंगर चढून आलेल्या माणसाला स्वतःच्या घरात झोप लागत नाही, म्हणजे घरातच काहीतरी खोट आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. ती हे कधी बोलली नाही. पण घरातल्या गाद्या मात्र तिने चार वेळा बदलल्या.

त्या संध्याकाळी माझ्या भावाचा, वेंदेलिनचा, कोशित्सेहून फोन आला. त्याला माझ्याआधी उत्तर ठाऊक असतं.

"तळ्याकाठच्या लॉजमध्ये खोली घेतो," तो म्हणाला. "लिफ्ट आहे. दारापर्यंत त्यांची गाडी येते. आई खाली सूप पीत बसेल, तू वर जाऊन चौकट घेऊन ये, दुसऱ्या दिवशी घरी. विषय संपला."

"आईला वर झोपायचंय."

"द्राहा, तिचा खुबा धातूचा आहे."

"मला माहितीय. मीच तिला मोजे घालते."

"मग तूच समजाव. आणि समजा चढली, तर उतरणार कशी? वरून हेलिकॉप्टर मागवशील?"

भाऊ चुकीचा बोलत नव्हता. त्याचा हाच त्रास आहे.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर दोन्हीकडची चित्रं आणि माहिती मांडली. मी लोकांच्या पाठपिशव्यांच्या झिपा आणि पट्टे दुरुस्त करते, त्यामुळे दोन्हीकडे जाऊन आलेली माणसं माझ्याकडे येत असतात. तळ्याकाठच्या लॉजबद्दल सगळे म्हणतात, ट्राउट मासा छान, उशा छान. वरच्या निवाऱ्याबद्दल कुणी उशांचं बोलत नाही. एका खोलीत चौदा जण, दुमजली लाकडी फळ्या, संडास बाहेर, पाणी बर्फाचं, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला कुणाचं तरी घोरणं बक्षीस.

आईने चष्मा लावला आणि लॉजचं चित्र हातभर लांब धरलं. "हे काय पांढरं?"

"बाथरोब. अंघोळीनंतर घालायचा."

"नवऱ्याची चौकट उतरवायला जायचं आणि हे घालून बसायचं?"

"आई, खाली झोपलं तरी माणसाला कमीपणा येत नाही."

"मला कमीपणा-बिमीपणा काही नाही." तिने चष्मा काढला. "तुझा बाप वर्षाकाठी दीडशे रात्री तिथं झोपायचा. डोक्यावर छत कसं होतं, एवढंही मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मला एकदा त्या फळीवर पडून वर बघायचंय. त्याला तिथं असं काय होतं, जे इथं नव्हतं? बस. मग मरायला मोकळी."

"मरायचं नाव काढलंस तर आत्ता वेंदेलिनला फोन लावीन."

"लाव. मी कोबी दाबते."

मी त्या दिवशी दोन्हीकडे फोन केला. तळ्याकाठी एक खोली, वरती दोन फळ्या, एकाच मंगळवारच्या. भावाला वरचं सांगितलं नाही, आईला खालचं सांगितलं नाही. वाटलं, जिथं वेळ येईल तिथं बघू. निर्णय पुढे ढकलायला मला झिपा लावण्याइतक्याच सफाईने येतं.

सोमवारी आईने बुख्ती भाजल्या. खसखशीचं गोड सारण भरलेले ते मऊ पाव बाबांच्या डब्यात एकतीस वर्षं गेले. "प्रत्येक वेळी म्हणायचा, पहिल्या वळणाच्या आत संपल्या," आई म्हणाली आणि त्या जुन्याच पत्र्याच्या डब्यात बारा भरल्या. "वरच्यांना देऊ. झोफियाला म्हणावं, याच त्या."

मंगळवारी आकाश स्वच्छ होतं. लॉजची गाडी तळ्यापाशी अकराला पोचली. रोवनची झाडं लाल फळांनी वाकलेली, तळं एवढं शांत की सुळके त्यात उलटे उभे होते. लॉजमधल्या मुलीने हसून खोलीचं कार्ड पुढे केलं, आणि आईने माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"लागलं तर असावं."

"तू अगदी तुझ्या भावाची बहीण आहेस," ती म्हणाली. पण कार्ड तिने माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. तेव्हा मला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तळ्याच्या पलीकडे वाट चढायला लागते तिथं लाकडांचा ढीग असतो. राष्ट्रीय उद्यानातली एक काडी उचलायची नाही, त्यामुळे वरच्या चुलीचं सरपणही खालूनच येतं. पाटीवर लिहिलंय, जो एक ओंडका वर आणेल त्याला एक चहा. शहरातले जवान पैलवान हात खिशात घालून पुढे जातात आणि म्हातारी माणसं ओंडका उचलतात, हे मी कितीदा पाहिलंय. आईनेही उचलला. मनगटाएवढा होता, पण निवडून घेतला, गाठ नसलेला.

"दे माझ्याकडे."

"तू तुझा घे. तिथं रिकाम्या हाताने कुणी जात नाही. वर जाताना नाही, खाली येताना नाही. एवढं मला त्याने शिकवलंय."

आम्ही निघालो. पहिला अर्धा तास ती छान चालली. एका हातात काठी, दुसऱ्या काखेत ओंडका, मागे न बघता. नंतर वाटेत दगड सुरू झाले. दर पावलाला ती आधी चांगला पाय टाकायची, मग धातूचा मागून ओढून घ्यायची. मी तिच्या मागे राहिले, कारण पुढे राहिले असते तर मागे वळून बघावं लागलं असतं. कुठंतरी मार्मोटने, त्या गुबगुबीत डोंगरी खारीने, शिट्टी मारली. आई म्हणाली, "तो हसतोय मला." नंतर बोलणं बंद झालं. तासाभराने मला तिचा श्वास ऐकू यायला लागला, आणि तो मला आवडला नाही.

वाटेत मध्यावर ओझेकऱ्यांचा दगड आहे. कमरेएवढा, वरून सपाट. चौकट पाठीवरून न उतरवता मागे टेकवायची आणि उभ्याउभ्या दम खायचा, यासाठीच जणू देवाने ठेवलेला. आई त्याच्यावर बसली आणि ओंडका मांडीवर घेतला. ओठ निळसर झाले होते. इथून वर अजून दीड तास, आणि शेवटच्या टप्प्यात साखळी धरून चढायचं.

"पाच मिनिटं," ती म्हणाली.

पाचाची वीस झाली. तेवढ्यात वरून कॉर्नेलकाका उतरताना दिसले. पाठीवर चौकट, तिच्यावर रिकाम्या टाक्या आणि कचऱ्याच्या पिशव्या, चाल मात्र नाचत आल्यासारखी. एकसष्ट वर्षांचा माणूस. बाबांबरोबर सगळी वर्षं याच वाटेवर चालला. आईला बघून काका जागच्या जागी थांबले, टोपी काढली.

"ओतीलियावहिनी! तुम्ही? इथं?"

"का, वाट तुमच्या नावावर आहे?"

काकांनी आमच्याच दगडाला चौकट टेकवली. इकडचं तिकडचं झालं. गुडघे, त्यांच्या बायकोचं, विल्माचं, पित्त, येणारा बर्फ. आईने डबा उघडून पुढे केला. "घ्या. त्याच्याच डब्यातल्या आहेत."

काकांनी बुख्ती घेतली, अर्धी तोंडात घातली आणि डोळे मिटले. "अहाहा. वहिनी, सात महिने झाले हो ही चव जाऊन. एकतीस वर्षं खाल्ल्या मी या, याच दगडावर."

"तुम्हीही खायचात?"

"मीही म्हणजे? मीच की! इमरोला खसखस कुठे चालायची, दातात अडकते म्हणायचा, तोंड बघवत नसे त्याचं. मी त्याला विल्माचा चरबी लावलेला पाव द्यायचो, वर कांदा. आमची अदलाबदल ठरलेली..."

तिथं त्यांच्या लक्षात आलं. उरलेली अर्धी बुख्ती हातातच राहिली. खाली ठेवावी की खावी, हेही त्या माणसाला कळेना.

मी आईकडे बघितलं नाही. दगडावरच्या शेवाळाकडे बघत राहिले. खाली ओढा वाजत होता.

"एकतीस वर्षं," आई म्हणाली.

"वहिनी, मी गाढव आहे."

"ते आहातच." तिने डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. "पण संपल्या म्हणायचा. पहिल्या वळणाच्या आत."

"संपायच्याच हो. मी इथं वाट बघत बसायचो."

आणि आईला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. ते नेमकं कशाचं होतं ते मी विचारलं नाही. तिने डबा बंद केला आणि अख्खाच्या अख्खा काकांच्या हातात दिला. "न्या. तुमची सवय मोडायला नको."

काकांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला वर नेतो. या टाक्या इथंच ठेवू, नंतर नेईन. चौकटीवर बसा, मी पट्टे बांधतो. माणसं नेलीत मी. एकदा पाय मोडलेला जर्मन नेला होता, नव्वद किलो, आणि सारखा गात होता. तुम्ही तर त्याच्यापुढे पीस."

मला ते पटत नव्हतं. पण वर तिची फळी होती, पर्समध्ये खालच्या खोलीचं कार्ड होतं, आणि समोर हा माणूस तिला खरंच नेऊ शकला असता. आईने वर बघितलं. निवारा तिथून दिसत नाही, नुसता कडा दिसतो. मग तिने काकांच्या चौकटीकडे बघितलं. पाठीच्या घामाने काळी पडलेली लाकडं, पट्ट्यांना पडलेल्या खाचा.

"नको," ती म्हणाली.

"वहिनी, मला काही होत नाही..."

"तुम्हाला होत नाही. मला होतं. एकतीस वर्षांत तो मला कधी वर ये म्हणाला नाही, मीही गेले नाही. आता दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं होऊन मी त्याच्या दारात उतरायची?" तिने गुडघ्यावर हात ठेवला. "मला खसखशीचं दुःख होऊ नये म्हणून जो माणूस जन्मभर खोटं बोलला, त्याने वर जे ठेवलंय ते त्याचंच असू दे. मी तळ्याकाठी झोपते. तो बाथरोब तरी बघू कसा असतो."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज बदलला.

"तू जा. चौकट उतरव. त्याच्या फळीवर झोप आणि वर बघ. काय दिसतं ते मला येऊन सांग. पण द्राहा, खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगशील तर मला कळेल. बापाच्या खोटेपणाने माझं पोट भरलंय आत्ताच."

"सांगेन."

"मला नको असलेलं असलं तरी."

"सांगेन, आई."

तिने ओंडका माझ्या हातात दिला. काकांनी एका हाताने तिचा दंड धरला, दुसऱ्या हातात डबा. दोघं इतक्या हळू उतरत गेली की मी बराच वेळ त्यांच्याकडे बघू शकले. वळणापाशी काका काहीतरी म्हणाले आणि आईने त्यांना काठी मारल्यासारखं केलं.

मी दोन ओंडके घेऊन वर पोचले तेव्हा चार वाजले होते. झोफिया दारातच होती, रुंद, लाल हातांची बाई. तिने माझ्यामागे कुणी आहे का ते पाहिलं.

"आई दगडापर्यंत आली," मी म्हणाले. "हा तिचा ओंडका."

झोफियाने दोन्ही ओंडके घेतले. दोन कप मांडले, दोन्ही भरले. माझा मी प्यायले. दुसरा समोर निवत राहिला. शेवटी तोही मीच प्यायले, गार. त्या घरात पाठीवरून वर आलेलं काही कुणी ओतून देत नाही.

दाराच्या आत, भिंतीवर सहा खिळे होते. तिसऱ्यावर बाबांची चौकट. पट्टे मीच शिवलेले, दोनदा, जाड दोऱ्याने. खालीच उभी होती ती नवी ओझेकरी, राडोस्लावा, तिशीची बाई, आधी शेतकी खात्यात कारकून होती म्हणे. तिची स्वतःची चौकट जमिनीवर भिंतीला टेकलेली. तीन आठवडे तशीच होती. रिकाम्या असलेल्या पाचव्या खिळ्यावर का नाही टांगली म्हणून मी विचारलं.

"तो अजून एकाचा आहे," ती म्हणाली. "तो आजारी आहे, मेलेला नाही."

मी चौकट उतरवली. वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली. जेवणघरातली सगळी माणसं क्षणभर उभी राहिली, चमचे हातात घेऊनच. मग बसली.

ओझेकऱ्यांची खोली वेगळी आहे, माळ्यावर. चार फळ्या. बाबांची आतल्या कोपऱ्यातली, खिडकीशी. मी खिडकीतून बघितलं. मनात एक मूर्ख आशा होती, की तिथून खाली स्वितचे दिवे दिसत असतील, आमचं घर, अर्धा पडदा. आईला सांगायला किती छान झालं असतं. पण समोर नुसता कडा होता, हात लांब केला तर लागेल असा, करडा, ओला. दिवा नाही, दरी नाही, काहीच नाही.

"बाबा इथं काय करायचे?" मी झोफियाला विचारलं. ती मला पांघरूण द्यायला आली होती.

"इमरो? झोपायचा." तिला प्रश्नच कळला नसावा. "आठ वाजता जेवायचा, आडवा व्हायचा आणि गेला. मी दिवा मालवायच्या आत. वादळात छताचा पत्रा उडाला होता एकदा, सगळे धावपळ करतायत, हा आपला झोपलेला. सकाळी हलवून उठवावं लागायचं. आम्ही म्हणायचो, घरी बायको झोपू देत नाही वाटतं."

तिने हे हसत सांगितलं. मी पांघरूण घेतलं. हे मला खाली न्यायचं होतं.

मी आडवी झाले, वर बघायचं म्हणून. छत कसं आहे ते नीट बघायचं, फळ्या मोजायच्या, गाठी लक्षात ठेवायच्या, आईला सांगायचं. कड्याच्या पोटातून कसलाही आवाज येत नव्हता. पांघरुणाला धुराचा आणि लोकरीचा वास होता. पाठीखालची फळी मधे किंचित खोलगट झाली होती, एका माणसाएवढी.

आणि राडोस्लावा माझा खांदा हलवत होती. "ताई. अहो ताई. साडेसात झाले."

खाली निघताना झोफियाने चौकटीवर रिकाम्या बाटल्यांचं खोकं बांधून दिलं. "तुम्ही पाहुण्या आहात, पण चौकट पाहुणी नाही," ती म्हणाली. चौकट पाठीवर घेऊन मी साखळीपाशी एकेक पाय चाचपत उतरले. दगडापाशी टेकवली, उभ्याउभ्या दम खाल्ला. वाटेत किती वाक्यं जुळवली आणि मोडली. छत कसं होतं ते मला माहीतच नव्हतं. जे माहीत होतं ते सांगायची छाती नव्हती. बाबांची सगळी रात्रीची स्टुलं, ती हॉप्सची उशी, त्या चार गाद्या. घरात खोट आहे असं जी बाई एकतीस वर्षं मनाशी म्हणत आली, तिला जाऊन सांगायचं, हो, वर तो लहान पोरासारखा झोपायचा.

आई लाकडांच्या ढिगाशेजारच्या बाकावर बसली होती, कोट गळ्यापर्यंत लावलेला. हातात कागदात गुंडाळलेला पाव. सकाळी कॉर्नेलकाका देऊन गेले होते, विल्माने मुद्दाम केलेला.

"खारट आहे," ती म्हणाली. "एवढं काय आहे याच्यात?" तरी चावत होती. मग तिची नजर माझ्या पाठीवर गेली आणि चावणं थांबलं. मी वळून चौकट बाकाला टेकवली, पट्टे सोडले. तिने लाकडावरून हात फिरवला, खाचांतून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सांग."

"छत बघितलं नाही मी."

"म्हणजे?"

"आडवी झाले आणि झोप लागली. एकदम सकाळी उठवलं त्यांनी. खिडकीतून काही दिसत नाही आई, नुसता दगड. आपलं गाव नाही, दिवे नाहीत. आवाज नाही. आणि मी कधीच अशी झोपले नव्हते." मला थांबावंसं वाटलं, पण मी कबूल केलं होतं. "बाबाही झोपायचे. झोफिया म्हणाली, दिवा मालवायच्या आत. सकाळी हलवून उठवायला लागायचं. रोज."

आई पावाच्या कागदाकडे बघत होती. तळ्यावर वाऱ्याची एक लहर आली आणि उलटे सुळके मोडले, परत जुळले. मला वाटलं, हे मी काय करून बसले.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज."

"दीडशे रात्री."

"हो."

तिने हळूच कागद मिटला, घडी घातली, आणखी एक घडी घातली. "मला वाटायचं, तो जन्मात झोपलाच नाही," ती म्हणाली. "शवपेटीत बघितलं तेव्हा वाटलं, पहिल्यांदाच डोळा लागलाय बिचाऱ्याचा. आणि तो तर झोपून घेत होता लेकाचा." तिचा हात चौकटीवरच होता. "बरं झालं. कुठंतरी झोपला ना."

मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने विचारलं, "आणि तू? तुझी खोली कशी होती?"

"गादी फार मऊ. बाथरोब छान आहे. डोळ्याला डोळा लागला नाही."

बाटल्यांचं खोकं आम्ही लॉजच्या मागच्या दाराशी उतरवलं, तिथून ते खाली जातं. चौकट रिकामी झाली. आईने तिच्याकडे बघितलं, मग आपली पर्स वरच्या आडव्या पट्टीला अडकवली. "आता ने," म्हणाली.

परतीच्या रेल्वेत जागा मिळाली. चौकट आमच्या दोघींच्या गुडघ्यांमध्ये उभी होती, लोक वळून बघत होते, एकाने उठून टोपी काढली. श्त्र्बा स्टेशन मागे गेलं तेव्हा आईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, काहीतरी कानात सांगतेय. ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात चौकटीच्या पट्ट्यात अडकलेला, श्वास लांब आणि खोल, दगडावर ऐकला होता तसा नाही.

स्वित आलं. दारं उघडली, बंद झाली. मी तिला उठवलं नाही.